गुलाल धुवायला पाणी नव्हतं

सिंधु सोनकांबळे बातमी काढायला उभी राहिली की आधी कॅमेऱ्यासमोर स्वतःचं मनगट धरते. घड्याळ दिसलं पाहिजे. मग बोलते, आज अमुक तारीख, इतके वाजले, हे अमुक गाव. त्यानंतरच कॅमेरा माणसांकडं वळवते. सध्या ती नांदेडला एका चॅनेलची बातमीदार आहे. मागच्या साली हदगावच्या बाजारात सोयाबीनच्या भावावरून आम्ही रस्ता अडवला होता, तिथं तिनं असंच मनगट पुढं केलं. शेजारच्या दोन नव्या पत्रकारांना हसू आलं.

"म्याडम, घड्याळ कंपनीची जाहिरात करून राहिल्या का?"

माझं डोकं सटकलं. मी एकाची कॉलर धरणार, एवढ्यात तीच म्हणाली, "मामा, राहू द्या. त्यांना काय म्हाईत?"

त्यांना माहीत नाही हे खरं. म्हणून लिहायला बसलो.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीला शाळा सुटली. पुढचं शिक्षण मोर्चात, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर आणि चहाच्या हॉटेलात दुसऱ्याचा पेपर वाचून झालं. कुणाला मोठं म्हणायची मला सवय नाही. आमदार आला तरी मी खुर्ची सोडत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. सिंधु आली की मात्र मी उठतो. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे, तरी उठतो.

आमचा तालुका लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकाकडच्या कडेला. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथंच राहतो. सिंधुचा बाप केरबा मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा हमाल होता. आई साखराबाई मिळेल त्या कामावर जायची. आमच्या गल्लीतलंच घर, म्हणून पोरगी मला मामा म्हणते. बारावी झाल्यावर ती गुरुबसप्पाच्या व्हिडिओ स्टुडिओत लागली. गुरुबसप्पा घरी कानडी बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मशीन बिघडलं की उर्दूत शिव्या द्यायचा. लग्नाच्या शूटिंगमधला तो राजा माणूस. सिंधु आधी त्याच्याकडं बसून लग्नांच्या कॅसेटची जोडणी करायची, पुढं कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवात उभी राहायला लागली. मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "अगं बाई, नवऱ्याकडची हाय का नवरीकडची?" सिंधु म्हणायची, "दोघांकडली. दोघांकडनं जेवते."

गुरुबसप्पानं तिला एक विद्या शिकवली, तीच तिला पुढं नडली. लग्न ज्या क्रमानं लागतं, त्याच क्रमानं शूटिंग होतंच असं नाही. वऱ्हाडाची गाडी दोनला सुटणार आणि मुहूर्त साडेबाराचा असला, की हा सकाळी अकरालाच नवरीला दारात उभी करायचा. आईच्या गळ्यात पडायला लावायचा. "रड माय, आत्ताच रडून घे, मग टाइम न्हाई." नवरी बिचारी आधी रडायची, मग डोळे पुसून अक्षतांना उभी राहायची. कॅसेटमध्ये सगळं जागच्या जागी. आणि मजा अशी, की नवरी अकरा वाजता रडायची ती खोटं रडायची नाही. हंबरडा फोडायची. खऱ्या वेळेला तिच्या डोळ्यात टिपूस उरत नसे.

"लोकांला बगायला बरं वाटलं पायजे," गुरुबसप्पा म्हणायचा. "कवा काढलं हे कोन इचारतंय?"

चौदा सालच्या गारपिटीत सिंधु देवणीकडं एका लग्नात होती. मांडव फाटला, वऱ्हाड शाळेत पळालं. ही कॅमेऱ्यावर पिशवी बांधून बाहेर गेली. लिंबाएवढ्या गारा पडून राहिलेल्या. गोठ्याचं छप्पर उडालेलं, दावणीला दोन देवणी बैल आडवे, आणि मालक त्यांच्या अंगावर स्वतः आडवा पडलेला, गारा पाठीवर घेत. ते तिनं काढलं. लातूरच्या एका चॅनेलवाल्यानं ते मागून नेलं आणि त्या संध्याकाळी महाराष्ट्रानं बघितलं. आठवड्यानं तिच्या हातात माईक आला. माईकवर चॅनेलचं नाव लिहिलेला चौकोनी ठोकळा असतो ना, तो तिनं आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घरी आणला. साखराबाईनं त्याला हळदकुंकू लावायचं फक्त बाकी ठेवलं. बौद्धाचं घर म्हणून ते राहिलं, न्हाईतर लावलंच असतं.

त्यानंतरची दोन वर्षं मी तिचं काम बघत आलो. सोळा सालचा दुष्काळ आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं तेव्हा देशातले कॅमेरे तिथं फलाटावर. आमच्या तालुक्यात कोण येतंय? सिंधु एकटी. जुनी स्कूटी, मागं तीन पायांचा स्टँड सुतळीनं बांधलेला. चव्वेचाळीस डिग्रीत गावोगाव. पिशवीत पाण्याची बाटली असायची, पण पाण्याच्या रांगेसमोर ती बाटली काढताना मी कधी बघितली नाही. ओठ फुटायचे, आवाज चिरकायचा. तसाच चिरका आवाज टीव्हीवर जायचा. मी एकदा म्हणालो, "अगं घोटभर पी." म्हणाली, "मामा, त्यांच्या पुढ्यात कसं पिऊ?"

आणि ती विहीर. बोरतळ नावाचं गाव आहे, गावाबाहेर ओढ्यापलीकडं आमच्या लोकांची वस्ती. वस्तीची विहीर आटलेली. तळाला एका कोपऱ्यात ओंजळभर पाणी पाझरायचं. सगळे पत्रकार काठावरनं खाली बघत फोटो काढून गेले. सिंधु म्हणाली, "मला खाली सोडा." वस्तीतल्या सरजाबाईनं आणि चार बायकांनी कंबरेला दोर बांधून तिला चाळीस फूट खाली सोडलं. तळाशी उताणी पडून तिनं कॅमेरा वर धरला. वर वाटीएवढं आभाळ, आणि त्या वाटीच्या कडेला बायकांची डोकी, खाली बघणारी. मी ते टीव्हीवर बघितलं आणि हॉटेलात उभाच राहिलो. पस्तीस वर्षं दुष्काळावर भाषणं ठोकली मी. माझ्या सगळ्या भाषणांचा तिनं एका मिनिटात चुरा केला. पाण्याला काय दिसत असेल, हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बोरतळचं भांडण साधं होतं. टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत रिता व्हायचा. ओढ्यापलीकडच्यांनी तिथं जायचं तर आधी गाव भरायचं, मग उरलं तर यांचं. उरायचं नाही. वस्तीला वेगळा टँकर द्या, एवढीच मागणी. ऐंशी उंबऱ्यांसाठी सरजाबाई तीस बायका घेऊन तालुक्याच्या कचेरीसमोर बसली. रिकाम्या घागरींची रांग पुढं, बायका मागं, रोज पाच जणी उपाशी. मान्य झाल्याशिवाय उठायचं नाही, अशी आण घेतलेली. एप्रिलच्या तीस तारखेला अकरा दिवस झाले. तहसीलदार साहेब मऊ पडत चालला होता. वरून विचारणा झाली होती. अजून दोन दिवस, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

आम्ही म्हणजे कोण, ते आता सांगावं लागतं. मी त्या बायकांच्या मंडपात रोज जायचो, पण त्या दिवसांत माझं अर्धं काळीज दुसरीकडं होतं. पालघरचा जिल्हा झाला तेव्हापासून आमच्याकडं नव्या जिल्ह्याचं वारं सुटलेलं. लातूर स्वतः ब्याऐंशी साली उस्मानाबादेतनं वेगळं झालं, मग आमचं का नाही? कृती समिती होती, आणि समितीचा चिटणीस मी. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, घोषणा होणार अशी पक्की खबर मुंबईहून आलेली. सगळ्या पक्क्या खबरी मुंबईहूनच येतात.

तीस तारखेला दुपारी सिंधु समितीच्या खोलीत आली. चेहरा ओढलेला.

"मामा, मुंबईच्या डेस्कचा फोन होता. उद्या घोषणा झाली की त्याच मिन्टाला आपल्याकडला जल्लोष दाखवायचाय. इथलं नेट असं, पाठवायला दोन तास जातात. तर म्हणाले, दोन्ही आजच काढून पाठव. जिल्हा झाला तर जल्लोष, न्हाई झाला तर संताप."

डेस्क म्हणजे मुंबईच्या ऑफिसात बसून कोणती बातमी कधी दाखवायची ते ठरवणारी माणसं. मी टुणकन उडी मारली. "मग काय हरकत हाय? उद्या नाचायचंच हाय, आज नाचू."

मग गुरुबसप्पाचा धडा तिच्या तोंडून आला. "हाव. वऱ्हाडाची गाडी सुटण्याआधी रडून घेतात तसं."

सहा वाजता चौकात शंभरेक माणूस जमवला मी. हलगी आली, पेढे आले, गुलालाचं पोतं आलं. सिंधु ओट्यावर चढून सांगत होती, "मामा, पुढं या. पुन्हा एकदा, जोरात! हात वर!" आम्ही काय नाचलो! खोटं नाचलो म्हणू नका. त्या नवरीसारखंच झालं. दहा मिनिटांनी आम्हाला जिल्हा झालाच होता. शेषेराव नावाचा आमचा अध्यक्ष, सत्तरीचा माणूस, माझ्या गळ्यात पडून रडला.

मग सिंधु म्हणाली, "आता संताप."

सगळे थांबले. एकमेकांकडं बघितलं. डोक्यापासून चपलेपर्यंत गुलाबी. असल्या तोंडानं 'निषेध असो' म्हणायचं?

"तोंडं धुवा की," ती म्हणाली.

"कशानं?" शेषेराव म्हणाला.

चौकातल्या नळाला बावीस दिवस पाणी नव्हतं. घरोघर पिण्यापुरतं. शंभर माणसाचा गुलाल धुवायला पाणी मागायला कोण जाणार, आणि कुणाच्या दारात? एकानं टॉवेल घासून बघितला, घामानं लगदा झाला. आधी संताप काढायचा आणि मग गुलाल उधळायचा, एवढी साधी अक्कल शंभर जणांत एकाला सुचली नाही. सिंधुनं कपाळावर हात मारला. आम्ही हसलो. खरंच हसलो, पोट धरून. "जाऊ दे," मी म्हणालो, "संतापाची वेळच येणार न्हाई." संताप काढायचा राहिला. मुंबईला नुसता जल्लोष गेला.

एक मेला सकाळी झेंडावंदन झालं. पावणेदहाला कचेरीसमोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर लाल पट्टी आली, जिल्ह्यांची घोषणा कोणत्याही क्षणी. आणि पट्टीच्या वर आम्ही. हलगी, गुलाल, शेषेरावचं रडणं, माझे हात वर. 'नव्या जिल्ह्याचा जल्लोष' अशी मोठी अक्षरं. मुंबईत कुणीतरी घाई केली. दुसरं चॅनेल आधी दाखवेल म्हणून असेल. दोन्ही चित्रं हातात असती तर तिथल्या माणसानं एकदा थांबून विचारलं तरी असतं, की यातलं कोणतं. एकच होतं. तेच पडद्यावर सोडून दिलं.

हॉटेलात एकच ओरडा झाला. फटाके लागले. मीही ओरडलो. आपणच काल काढलेलं आहे हे ठाऊक असून ओरडलो! टीव्हीत दिसलं म्हणजे झालंच, असं मलासुद्धा वाटलं. माणसाचं डोकं किती कच्चं असतं बघा.

तेवढ्यात कचेरीतला साहेब झेंड्याच्या कपड्यातच मंडपात आला. हातात लिंबूपाण्याचे पेले. "सरजाबाई, उठा आता. जिल्हा झाला. बघा टीव्हीवर. उद्यापासून कलेक्टर इथंच बसणार. तुमच्या टँकरला आता लातूरला इचारायची गरज न्हाई. सोडा उपास."

सरजाबाईनं हॉटेलच्या टीव्हीकडं बघितलं. गुलाल बघितला. मला बघितलं, मी नाचत होतो. तिनं माझ्यावर इस्वास ठेवला. पेला घेतला. बायकांनी एका कागदावर अंगठे दिले, 'मागणी मान्य होत असल्याचे समजल्याने स्वखुशीने आंदोलन मागे घेत आहोत.' साहेबानं फोटो काढून घेतला. बायका घागरी उचलून एस.टी. स्टँडकडं निघाल्या.

साडेदहाला कळलं. घोषणा झालीच नव्हती. भाषणात जिल्ह्याचा ज सुद्धा नव्हता.

चॅनेलनं चित्र काढून टाकलं, जणू दाखवलंच नव्हतं. सरजाबाई स्टँडवरनं तीस बायका घेऊन परत आली. साहेब दारातच उभा. "मावशी, तुम्ही स्वखुशीनं उठलाव. कागद हाय माझ्याकडं. आता पुन्हा बसायचं तर नवा अर्ज, नवी परवानगी." मंडप तोवर उतरवून टाकलेला. अकरा दिवस पाण्यात गेले म्हणावं, तर पाणीही नव्हतं.

मी सरजाबाईच्या पुढं गेलो. ती माझ्या कानाकडं बघून राहिलेली.

"दगडू," ती म्हणाली, "तुझ्या कानात गुलाल कालपासून हाय."

"काय बोलतीस मावशी."

"काल दिवस मावळताना तू इथनं गेलास. तोंड गुलाबी व्हतं. मी गुरम्माला म्हनले, कुनाचं तरी लगीन दिसतंय." मग हळू म्हणाली, "टीव्हीत दाखवलं ते कालचं व्हतं. व्हय की न्हाई?"

आयुष्यात मी शेकडो अधिकाऱ्यांना तोंडावर खोटारडा म्हटलंय. त्या दिवशी मी नुसता हातानं कान झाकला. धुवायला पाणी नव्हतं म्हणून पुरावा माझ्या कानातच राहिला होता.

साडेबाराला लातूरहून चॅनेलची मोठी गाडी आली, छतावर ताटासारखी अँटेना असलेली, जिच्यातनं थेट दाखवता येतं. ती खरं तर जल्लोषासाठी बोलावली होती. आता तिचं काम बदललं होतं. गाडीवरचा कॅमेरामन मारोती म्हणाला, "एक वाजताच्या बातम्यांत तुमचं लाइव्ह हाय म्याडम. लोकांचा संताप दाखवायचा."

सिंधु गाडीच्या सावलीला बसली होती. मी जवळ गेलो. समितीची सगळी अक्कल गोळा करून तिला समजावलं.

"हे बघ. चूक मुंबईवाल्यांची. तू पाठवलंस, दाखवायचं कवा ते त्यांनी ठरवलं. तू गप राहा. लोक चार दिवसांत विसरतात. नोकरी जाईल पोरी. केरबाची कंबर गेली, घर तुझ्यावर चालतंय."

"मुंबईनं नाचा म्हणलं न्हाई मामा," ती म्हणाली. "ओट्यावर चढून 'पुन्हा एकदा, जोरात' मी म्हणले."

एवढ्यात सरजाबाई आली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून तिच्यासमोर बसली.

"माय, तू इहिरीत उतरलीस तवा दोर आमी धरला व्हता."

"हाव मावशी."

"तवा तू वर बगून म्हनलीस, सोडू नका. आमी सोडला का?"

"न्हाई."

"मग झालं," सरजाबाई म्हणाली आणि उठून बायकांत जाऊन बसली.

एक वाजला. सिंधु कचेरीच्या फाटकासमोर उभी राहिली. कानात मुंबईचा आवाज, हातात तो ठोकळ्याचा माईक. मी हॉटेलच्या दारात, एक डोळा तिच्याकडं, एक टीव्हीकडं. थेट दाखवतात तेही टीव्हीत चार-पाच श्वास उशिरा दिसतं. समोर ती बोलायला लागली, तेव्हा टीव्हीतली सिंधु अजून ओठ मिटून उभी होती.

मुंबईच्या बाईनं विचारलं, "सिंधु, जिल्हा न झाल्यामुळं तिथं किती संताप आहे?"

सिंधु म्हणाली, "सकाळी पावणेदहाला तुम्ही इथला जल्लोष बघितला. तो आज झालेला न्हाई. काल संध्याकाळी सहाला मी तो करून घेतला. नाचा म्हणून मी सांगितलं. दोनदा सांगितलं. ते चित्र खरं समजून या तीस बायकांनी अकरा दिवसांचं आंदोलन सोडलं. त्यांच्या वस्तीला टँकर पाहिजे. आता त्यांना सांगून राहिलेत, तुम्ही स्वखुशीनं उठलात. त्या स्वखुशीनं उठल्या न्हाईत. त्यांना मी उठवलं. ही चूक माझी हाय, त्याची शिक्षा त्यांचं पाणी तोडून देऊ नका."

समोर ती गप्प झाली आणि टीव्हीत तिचं 'ही चूक माझी' अजून यायचं होतं. मला वाटलं, आता तोडतील, आता तोडतील. गाडीत मारोतीच्या कानात मुंबई बोंबलत होती, बंद कर, बंद कर. तो गडी शांतपणे म्हणाला, "साहेब, आवाज येईना तुमचा. हॅलो? हॅलो?" त्यानं कॅमेरा सावकाश फिरवून बायकांवर नेला. घागरींवर नेला. मग कुठं पडदा मुंबईला परतला. "संपर्क तुटलेला दिसतोय," तिकडची बाई म्हणाली.

हॉटेलात चाळीस माणसं होती. चमचासुद्धा वाजला नाही. स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी कुणी धावलं नाही. मी चळवळीत मोठमोठी माणसं बघितली आहेत. लाठी खाणारी बघितली, तुरुंगात सहा महिने काढलेली बघितली. दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडायला आम्ही सगळे वाघ. स्वतःची चूक, स्वतःच्या तोंडानं, अख्ख्या महाराष्ट्रापुढं, कुणी विचारलेलं नसताना मांडणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. अजूनही दुसरं बघितलं नाही.

आणि एक गोष्ट. माझं नाव तिनं घेतलं नाही. समितीचं नाव घेतलं नाही. माणसं मी जमवली, पोतं मी आणलं, सगळ्यांत पुढं मी नाचलो. ती म्हणाली 'मी'. तिच्या शेजारी दोन पावलं जाऊन उभं राहायला हवं होतं मला. नाही गेलो. दारातच राहिलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली ती उगाच नाही.

चार वाजता लातूरहून फोन आला. ठोकळा जमा करा. सिंधुनं तो माईकवरनं उपसला, ओढणीनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि मारोतीच्या हातात दिला. मारोती म्हणाला, "ताई, मी आणला न्हाई म्हणून सांगू का? हरवला म्हणतो."

"पुन्हा खोटं?" ती म्हणाली. दोघं हसले.

मग ती बायकांत जाऊन बसली. मंडप नव्हता, उन्हातच. परवानगीचा अर्ज मी लिहिला, त्यावर पहिली सही माझी. साहेब बाहेर आला, पण आता सिंधुचं ते एक वाजताचं बोलणं सगळीकडं पसरलं होतं. लोक मोबाइलवर दाखवत होते एकमेकांना. स्वखुशीचा कागद काढायची त्याची हिंमत झाली नाही. तीन दिवस बसलो. बाटली सिंधुनं तिथंही काढली नाही. माझ्या कानातला गुलाल तिसऱ्या दिवशी घामानंच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हुकूम निघाला, बोरतळच्या वस्तीला स्वतंत्र टँकर, ओढ्यापलीकडं टाकी बसवून. टाकी रातोरात बसली आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला टँकर धुरळा उडवत आला. आम्ही सगळे वस्तीवर. ड्रायव्हरनं पाइप टाकीत सोडला. पहिली घागर सरजाबाईनं टाकीच्या नळीखाली लावली. पाणी घागरीत पडल्याचा तो आवाज, आधी पोकळ, मग भरत भरत जाड होत जाणारा. एका म्हातारीनं, गुरम्मानं, ओल्या हातानं स्वतःच्या डोळ्यांवरनं हात फिरवला.

हे कुणी काढलं नाही. सिंधुच्या हातात कॅमेरा नव्हता. ती टाकीला टेकून नुसती बघत होती. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. कॅमेऱ्यामागं माणसाचा एक डोळा मिटलेला असतो, त्या दिवशी दोन्ही उघडे होते.

तेवढ्यात दोन मोटारसायकली आल्या. दोन चॅनेलचे पत्रकार, घामाघूम. "झालं का? च्यायला. आजी, जरा घागर रिकामी करा. पुन्हा एकदा लावा. पहिल्यांदा भरून राहिल्यासारखं. हसा जरा."

सरजाबाईनं घागर उचलून कंबरेवर घेतली. काठोकाठ भरलेली, हिंदकळून लुगडं भिजत होतं.

"लेकरा," ती म्हणाली, "पानी येकदाच पडलंय घागरीत. तुला दिसावं म्हनून सांडून पुन्यांदा भरू का?"

"आजी, नुसतं एक मिनिट."

"कवा आलं ते इचार, सांगते. साडेनवाला आलं. तू नव्हतास. तसंच दाखव."

सिंधुनं मान वर केली. मग आपल्या रिकाम्या हाताच्या मनगटाकडं बघितलं. तिच्याकडं त्या वेळी घड्याळ नव्हतं.

"मामा," तिनं मला विचारलं, "किती वाजले?"

"नऊ पंचेचाळीस."

ती पुटपुटली. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "चार मे. नऊ पंचेचाळीस. बोरतळ." मग पुढं होऊन तिनं रांगेतली दुसरी घागर नळीखाली सरकवली.